कामगारांची प्रेरणा आणि साहेबांचा अंदाज

माणसं मन लावून काम कशामुळे करतात याबद्दल कंपनीतल्या वरच्या लोकांचा एक अंदाज असतो आणि काम करणारे सांगतात ते वेगळंच असतं, त्या दोन्हींमधली ही तफावत. साहेब लोक धरून चालतात की पगार वाढवला, बोनस लावला की माणूस पळायला लागतो.

अमेरिकेत १९४६ च्या एका सर्व्हेत कामगारांना दहा गोष्टींचा क्रम लावायला सांगितला होता. त्यांनी पहिली ठेवली केलेल्या कामाची कदर, दुसरी म्हणजे काय चाललंय ते आम्हालाही कळावं, आणि चांगला पगार गेला पाचव्या नंबरवर. कामगारांना काय हवं असेल असं सुपरवायझरना विचारलं तर त्यांनी पगारच पहिला टाकला. चाळीस वर्षांनी केनेथ कोव्हाक या मॅनेजमेंटच्या प्राध्यापकाने तीच यादी परत फिरवली तेव्हा कामगारांचं पहिलं उत्तर बदलून 'काम इंटरेस्टिंग असावं' असं झालं, सुपरवायझर मात्र जागचे हलले नाहीत.

म्हणून पैशाचं काही नाही असं कुणी समजू नये, कोव्हाकच्या सर्व्हेत तरुण आणि कमी पगारवाल्यांनी पगार वरच लावला होता, आणि ते साहजिकच आहे. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ मध्ये इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांशी बोलून मांडलं की पगार कमी पडला तर माणूस चिडतो, पण पुरेसा मिळाला म्हणून कामात जीव ओततोच असं नाही. (त्याच्या पद्धतीवर टीकाही झाली, चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःला घेतो आणि बिघडलं की खापर कंपनीवर फोडतो, मग उत्तरं तशीच येणार.)

साहेब चुकतात कुठे? चिप हीथ या संशोधकाने १९९९ मध्ये दाखवलं की माणूस स्वतःबद्दल म्हणतो मला कामात रस आहे, आणि दुसऱ्याबद्दल धरून चालतो की तो पैशासाठी करतो. म्हणजे हा दोष एकट्या साहेबांचा नाही, फक्त बोनसची स्कीम त्यांच्या हातात असते.

टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या संशोधकांनी २३८ कर्मचाऱ्यांच्या रोजच्या जवळपास १२,००० नोंदी तपासल्या. चांगल्या दिवसांमागे बहुतेक वेळा एकच गोष्ट निघाली, महत्त्वाचं काम थोडंसं का होईना पुढे सरकलं होतं. माणसाला प्रेरणा कशाने मिळते याचा क्रम लावा असं ६६९ मॅनेजरांना सांगितलं तर ही गोष्ट पहिली लावणारे फक्त ३५. आणि काम अडतं ते फार मोठ्या कारणाने असंही नाही, सही अडकते, अर्धं झाल्यावर प्रायोरिटी बदलते, राबून बनवलेला रिपोर्ट कुणी उघडूनही बघत नाही.