तडीपारी, राजकीय (ठाणे व नवी मुंबई)

खटला न चालवता एखाद्याला जिल्ह्याबाहेर घालवण्याची प्रशासकीय कारवाई. ती मुख्यतः सराईत गुन्हेगारांसाठी असली, तरी आंदोलनांतील कार्यकर्त्यांनाही तिच्या नोटिसा निघतात.

तिचे मूळ १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन २५ पर्यंत मागे नेता येईल. परंतु त्याचा रोख राजबंद्यांना अटकेत ठेवण्यावर होता. मुंबई शहर पोलीस अधिनियम, १९०२ मधील कलम २७ हेच जवळचे पूर्वरूप मानणे अधिक सयुक्तिक. सध्याचा आधार महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलमे ५५ ते ६३.

कार्यकर्त्यांविरुद्ध सहसा कलम ५६ लावतात. त्यात बळ वा हिंसेचे गुन्हे, तसेच भारतीय दंड संहितेची १२, १६ व १७ ही प्रकरणे (अनुक्रमे नाणी-मुद्रांक, शरीर व मालमत्ता यांविषयीचे गुन्हे) येतात आणि साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत, अशी अधिकाऱ्याची खात्री व्हावी लागते. बेकायदा जमाव (१४३) किंवा आदेशभंग (१८८) ही कलमे या प्रकरणांत नाहीत. सरकारी कामात अडथळ्याचे ३५३ मात्र सोळाव्या प्रकरणात येते. मोर्चाच्या गुन्ह्यात ३५३ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १३२) जोडले की तडीपारीची वाट मोकळी होते. म्हणून कलम ५९ च्या नोटिशीला (आदेशापूर्वी बाजू मांडण्याची संधी देणारी) उत्तर देताना प्रत्येक गुन्ह्याचे कलम, तारीख आणि निकाल तपासणे अत्यावश्यक. कमाल मुदत २ वर्षे. कारणे न देता ती पूर्ण लावणे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अवाजवी ठरवले.

आदेशात अनेकदा ठाण्यासह मुंबई, मुंबई उपनगर व रायगड हे जिल्हे असतात. मग कसाऱ्यापर्यंतचा लोकलमार्ग बंद होतो आणि घाट चढून इगतपुरी गाठावी लागते, कर्जतकडून लोणावळा. इगतपुरीहून पुण्याला रेल्वेने जाणेही धोक्याचे, कारण गाडी कल्याणवरून जाते आणि हद्दीतून नुसते जाणे हाही प्रवेशच. भंगाबद्दल कलम १४२ खाली २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. न्यायालयाची तारीख, आजारपण, अंत्यविधी यांसाठी तात्पुरत्या प्रवेशाची लेखी परवानगी घ्यावी लागते. अर्जाला समन्स वा दवाखान्याचे कागद जोडावेत.

अपील ३० दिवसांत करावे लागते. ते कोकण विभागीय आयुक्तांपुढे चालते, आणि त्यांचे कार्यालय, कोकण भवन, बेलापुरातच म्हणजे बंदी असलेल्या हद्दीत आहे. म्हणून सुनावणीला वकीलच पाठवणे सोयीचे. अपील केल्याने आदेश आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. मतदानाचा हक्क कायम राहतो, पण मतदान केंद्र हद्दीत असल्याने त्यासाठीही परवानगी लागते.