काजूबागेतलं काम आणि माकडताप

माकडताप म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, शॉर्टमध्ये केएफडी. गोचिडीच्या चावण्यातून होणारा व्हायरल ताप आहे हा, आणि कामधंद्यावरून साथीच्या रोगाचा धोका कसा ठरतो हे बघायचं तर यापेक्षा स्वच्छ उदाहरण कोकणात सापडणं अवघड.

1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, आसपासच्या गावांत माणसांनाही ताप यायला लागला, आधी वाटलं पिवळा ताप भारतात शिरला की काय, पण पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने म्हणजे आताच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्था) तपासलं तर व्हायरस नवाच निघाला. पुढे कितीतरी वर्षं तो त्याच पट्ट्यात राहिला. मग केरळात वायनाड, 2015 ला गोव्यात सत्तरी आणि 2016 ला सिंधुदुर्गात दोडामार्ग, असा तो सह्याद्रीच्या कडेकडेने आला.

आता काजूचा संबंध कुठे? पावसाळा संपला की गोचिडीची पिल्लं वाढत जातात आणि साधारण डिसेंबर ते मे या कोरड्या दिवसांत अर्धवट वाढलेली गोचीड, जी जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी असते, पातेऱ्यात म्हणजे गळलेल्या पानांच्या थरात आणि झुडपांवर सावज शोधत बसलेली असते. चावते मुख्यतः हीच. आणि काजूचा सीझनही नेमका तेव्हाच! बोंडू म्हणजे काजूची फळं पिकून खाली पडतात, बिया जमिनीवरूनच वेचायच्या असतात, म्हणजे सकाळपासून वाकून पातेऱ्यात हात घालायचा, दमलं की तिथेच बसायचं. वरून बोंडू खायला वानरं आणि लाल तोंडाची माकडं बागेत येतात, त्यांना हा आजार झाला तर ती पटकन मरतात, आणि माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून पसरतात. बागेला लागून जंगल असेल तर मग बघायलाच नको.

त्याच गावातला बँकेतला क्लार्क किंवा दुकानदार या सगळ्यातून बराच सुटतो, कारण हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे पेशंटच्या शेजारी बसून काही होत नाही, पातेऱ्यात बसून होतं. लाकडं तोडायला, भाजावळीसाठी म्हणजे शेतजमीन भाजायला पातेरा गोळा करायला जाणाऱ्या बायका, गुराखी, वनखात्याचे वॉचर हे सगळे काजूवाल्यांच्याच रांगेत. गुरांचं तर वेगळंच, ती स्वतः फारशी आजारी पडत नाहीत, व्हायरसही वाढवत नाहीत, पण मोठ्या गोचिडींना रक्त पुरवून त्यांची पैदास चालू ठेवतात. म्हणून जंगलात गुरं चारणं हा पण धोक्याचाच भाग धरतात.

चावल्यावर साधारण 3 ते 8 दिवसांत एकदम जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी, काहींना रक्तस्राव, आणि थोड्या लोकांना बरं वाटल्यावर पुन्हा ताप येऊन मेंदूवर परिणाम. मृत्यूचं प्रमाण 3 ते 5 टक्के सांगतात. खास औषध नाही. जुनी लस कमी पडते म्हणून कर्नाटकने 2022 ला थांबवली.

मग उरतो बचाव. गमबूट, फुल पँट, फुल शर्ट, हातापायाला गोचीड दूर ठेवणारं डीएमपी किंवा डेपा तेल, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने आंघोळ, आणि माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवायचं, मग ते भोवती 50 मीटरपर्यंत मॅलॅथिऑन हे कीटकनाशक मारतात. ऐकायला सोपं आहे, पण एप्रिलच्या उकाड्यात गमबूट घालून दिवसभर वाकून बघा आणि मग सांगा, तेल तर घामाने तासाभरात पुसलं जातं.

भातलावणीत लेप्टोस्पायरोसिस, दगडखाणीत सिलिकाच्या धुळीने खराब झालेल्या फुप्फुसात टीबी, कत्तलखान्यात जनावरांकडून लागणारा ब्रुसेला, हे सगळं याच जातीचं. कामगारांच्या भरपाईच्या 1923 च्या कायद्यातही कामातून लागणाऱ्या संसर्गजन्य रोगांची नोंद होती, हॉस्पिटल, लॅब, जनावरांची कामं आणि तशीच धोक्याची इतर कामं त्यात धरली होती, आणि 2025 ला त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण त्यासाठी कोणीतरी मालक असावा लागतो, आणि स्वतःच्याच दीडशे झाडांत बिया वेचणाऱ्याने भरपाई मागायची कोणाकडे?