स्वावलंबी पदभ्रमण मोहीम

लहान गटाने, वाटाड्याविना, आखलेल्या डोंगरी मार्गाने पायी जाऊन, लागणारे सगळे सामान पाठीवर वाहून व वाटेत मुक्काम करून पार पाडलेली एकाहून अधिक दिवसांची भ्रमंती. गटात बहुधा १४ ते २४ वयाची मुलेमुली असतात. प्रौढ पर्यवेक्षक पुढच्या खिंडीत किंवा पायथ्याच्या गावात थांबतो, पण वाट दाखवत नाही. या नोंदीत प्रामुख्याने सह्याद्रीतील मोहिमांसाठी लागणाऱ्या कौशल्यांचा विचार केला आहे.

कल्पनेच्या उगमाविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार तिचे मूळ बालवीर चळवळीत आहे. चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांचे ब्राउनसी बेटावरील शिबिर १९०७ मध्ये झाले आणि त्यानंतर ठरलेल्या प्रथम श्रेणीच्या कसोटीत सात मैल एकट्याने जाऊन परतणे व प्रवासाचा वृत्तांत लिहिणे अपेक्षित होते. दुसरे मत श्रेय जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांना देते. त्यांनी स्कॉटलंडमधील गॉर्डनस्टन शाळेत १९३० नंतरच्या दशकात सुरू केलेल्या ‘मोरे बिल्ला’ या कौशल्य-कसोटीतून पुढे १९५६ चा ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार आकाराला आला. आज रूढ असलेले स्वरूप, म्हणजे गटाने स्वतः केलेली आखणी, सराव-मोहीम आणि दुरून देखरेख, हान यांच्या परंपरेला अधिक जवळचे आहे. एकट्याने जाऊन वृत्तांत देण्याची प्रथा मात्र निश्चितपणे आधीची. ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्काराच्या मोहिमेत गट ४ ते ७ जणांचा असतो. कांस्य स्तराला २ दिवस व १ रात्र, रौप्यला ३ दिवस व २ रात्री, सुवर्णला ४ दिवस व ३ रात्री अशी मुदत आहे. चार या किमान संख्येमागे साधा हिशेब दिसतो : एक जखमी झाला तर एकाने त्याच्याजवळ थांबायचे आणि दोघांनी मिळून मदत आणायला जायचे.

वाट काढणे हे यातील सर्वांत अवघड कौशल्य, आणि त्याचे कारण भूरचनेत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर येथे जवळजवळ आडवे पसरले आहेत. टणक थराचा कडा होतो, ठिसूळ थराचा पदर, म्हणजे कड्याखालचा सपाटसा टप्पा. त्यामुळे डोंगर जिन्यासारखा चढत जातो : कडा, पदर, पुन्हा कडा. पदरावरून कितीही आडवे चालता येते, वर जाता येते ते फक्त नाळेतून (कड्यातील घळीतून), सोंडेवरून (डोंगराच्या उतरत्या धारेवरून) किंवा खिंडीतून. ती जागा चुकली की गट तासन्‌तास कड्याच्या पायथ्याशी फिरत राहतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात २ सेंमी. म्हणजे १ किमी. आणि समोच्च रेषांमधील (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमधील) उंचीचे अंतर सहसा २० मी. असते. नवशिक्यांची मोठी चूक इथेच होते. दोन रेषांच्या मधे १२-१५ मी. उंचीचा कातळटप्पा सहज दडून राहतो. नकाशावर सौम्य दिसणारी सोंड प्रत्यक्षात दोराशिवाय उतरण्याजोगी नसते. म्हणून नकाशावरून आखलेली उतरण आदल्या दिवशी समोरच्या धारेवरून डोळ्यांनी पाहावी आणि गावातल्या गुराख्याला विचारून पक्की करावी. प्रश्न ‘वाट आहे का?’ असा न विचारता ‘गुरं उतरतात का?’ असा विचारला तर उत्तर नेमके मिळते.

महाराष्ट्रात चुंबकीय विचलन, म्हणजे होकायंत्राची उत्तर व खरी उत्तर यांतील कोन, एक अंशाच्या आत असते. १ किमी.वर त्याने १७ मी.हून अधिक फरक पडत नाही, म्हणून पदभ्रमणात ते सोडून देता येते. वाचनातील ५ अंशांची चूक मात्र तेवढ्याच अंतरात सुमारे ८७ मी.ने भरकटवते. होकायंत्र बेसाल्टच्या खडकावर टेकवून पाहू नये, कारण खडकातील चुंबकत्वामुळे सुई हलू शकते. ते छातीशी आडवे धरून, दोन पावले सरकून पुन्हा वाचावे. ओढ्याकाठचा पाणवठा गाठायचा असेल तर नेम मुद्दाम त्याच्या थोडा वरच्या अंगाला धरतात. मग ओढा लागला की खाली वळायचे, डावे की उजवे हा प्रश्न राहत नाही. धुक्यात मात्र कड्याची कड ही अशी आधाररेषा कधीही मानू नये.

वाट चुकण्याचे हरिश्चंद्रगड (१,४२४ मी.) हे उत्तम उदाहरण आहे. खिरेश्वरहून टोलार खिंडीत आले की कातळटप्पा स्पष्ट असतो. चुकामूक होते ती तो चढून गेल्यावर, पठारावरच्या एकसारख्या टेकड्यांमध्ये, विशेषतः पावसाळी धुक्यात. ढोरवाटा तिथे जाळ्यासारख्या पसरतात आणि गवतात विरून जातात. मळलेली वाट कातळावरही झिजलेल्या, गुळगुळीत पट्ट्याने ओळखू येते. बराच वेळ अशी एकही खूण दिसली नाही तर शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे यावे. पुढे काहीतरी सापडेल या आशेने उतरत राहणे हेच बहुतेक वेळा अंगाशी येते.

वेळेचा अंदाज स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांच्या १८९२ च्या नियमाने बांधतात : ५ किमी.ला १ तास, शिवाय ६०० मी. चढाईला १ तास. ओझे घेतलेल्या मुलांसाठी हा वेळ दीडपट धरणे योग्य. १० किमी. व ७०० मी. चढाईला नियमाने सव्वातीन तासांच्या आत, प्रत्यक्षात पावणेपाच तास लागतात, विश्रांती वेगळी. परत फिरण्याची वेळ सकाळीच ठरवून वहीत लिहावी.

पाण्याचा प्रश्न ऑक्टोबरनंतर तीव्र होतो. झरे बहुधा दोन लाव्हाथरांच्या सांध्यावर, कड्याच्या तळाशी फुटतात. त्यामुळे पदरावर हिरवीगार झाडी दिसली तर तिथे शोध घ्यावा. गडांवर आधार असतो तो खोदीव टाक्यांचा. कान्हेरी व जुन्नरच्या ब्राह्मी लेखांत टाक्याला ‘पोढि’ म्हटले आहे. त्यावरून अनेक गडांवरील टाकी सातवाहनकाळात नेण्याकडे काही अभ्यासकांचा कल आहे, पण लेख नसलेल्या टाक्यांचा काळ केवळ घडणीवरून ठरवणे धोक्याचे. खांबटाक्यांबाबत (आत खांब राखून कातळात कोरलेल्या टाक्यांबाबत) यादवकाळ किंवा त्याआधी इतकेच म्हणणे सुरक्षित वाटते. खांबटाक्यात ऊन पोचत नसल्याने शेवाळ कमी धरते व पाणी गार राहते. तरीही पाणी फडक्यातून गाळून, खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळावे. क्लोरीनची गोळी वापरल्यास वेष्टनावरील प्रमाण पाळून किमान ३० मिनिटे थांबावे; गढूळ पाण्यात ती नीट काम करत नाही. चालताना माणशी ३ लि. पाणी जवळ हवे. उन्हाळ्यात तेही पुरत नाही.

सॅकचे वजन शरीराच्या वजनाच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावे, १४-१५ वर्षांच्या मुलांसाठी एक पंचमांश बरे. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांमध्ये ठेवाव्यात. बाहेरच्या कप्प्यात ठेवल्या तर कातळावर तोल मागे जातो. कोरडा शिधा माणशी दिवसाला ६०० ते ७०० ग्रॅ. लागतो. रात्रीच्या खिचडीला माणशी १०० ग्रॅ. तांदूळ, ४० ग्रॅ. मूगडाळ आणि त्याच्या साडेतीन ते चारपट पाणी. स्टोव्ह तंबूत पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फेब्रुवारीपासून गवत वाळलेले असते, तेव्हा उघडी चूल म्हणजे वणव्याला आमंत्रण.

पठारावर मातीचा थर वीतभरही नसतो, त्यामुळे तंबूच्या खुंट्या शिरत नाहीत. अशा वेळी दोर मोठ्या दगडाला बांधून त्यावर दुसरा दगड ठेवतात. ओढ्याचे पात्र, वठलेल्या झाडाखालची जागा आणि कड्याची कड मुक्कामासाठी वर्ज्य.

आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली धूर, अत्तर व आरडाओरडा टाळावा. माश्या उठल्या तर डोके-तोंड झाकून लांब निघून जावे. सर्पदंशात, विशेषतः दगडांखाली आढळणाऱ्या फुरशाच्या, जखम कापू नये व आवळपट्टी बांधू नये. अवयव हलू न देता रुग्णाला प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, अन्य आणीबाणीसाठी ११२. निरोप घेऊन जाणाऱ्या दोघांकडे ठिकाण, दुखापत, घटनेची वेळ व सोबत असलेल्यांची संख्या कागदावर लिहून द्यावी. अभयारण्यातील किंवा संरक्षित स्मारक असलेल्या गडावर मुक्काम करायचा तर वनविभाग व पुरातत्त्व खात्याचे नियम आधी पाहावे लागतात.