टाके चार, पण हात कोणाचा?

गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, कर्करोगाची शस्त्रक्रिया नीट झाली की नाही, हे पोटावरच्या व्रणावरून कळत नाही. ते कळतं पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर. काढलेलं आतडं तिथे येतं तेव्हा त्याच्याभोवती चरबीचं जाडसर वेष्टन असतं. ते गुळगुळीत, चकचकीत आहे, की कुठे खड्डा पडून आतला स्नायू उघडा दिसतोय? हे आधी नुसत्या डोळ्यांनी बघतात. मग बाहेरून शाई लावायची, पातळ आडवे काप करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली गाठ शाईपासून किती लांब आहे ते मोजायचं. अंतर 1 मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरलं, तर गाठ पुन्हा उद्भवण्याची धास्ती वाढते.

एवढं महत्त्व वेष्टनाला, कारण गुदाशयाच्या लसिकाग्रंथी त्यातच असतात आणि कर्करोग बहुधा आधी तिथेच पसरतो. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी 1982 मध्ये हे ठासून मांडलं: बोटांनी ओढून सोडवू नका, वेष्टनाबाहेरच्या विरळ थरातून, डोळ्यांसमोर दिसेल तसं कापत जा आणि सगळं अखंड बाहेर काढा. पूर्वी त्याच जागी कर्करोग उलटण्याचं प्रमाण कित्येक ठिकाणी 20 टक्क्यांहून जास्त असे. ही पद्धत रुळल्यावर ते 10 टक्क्यांच्या खाली आलं.

मग दुर्बीण आली: पोट न उघडता, छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि हत्यारं घालून शस्त्रक्रिया. कॅमेरा आत जात असल्यामुळे तो विरळ थर मोठा आणि स्वच्छ दिसतो. पण गुदाशय ओटीपोटाच्या तळाशी, हाडांच्या निमुळत्या पोकळीत असतो, आणि हत्यारं लांब, सरळ, न वाकणारी. पुरुषांची पोकळी त्यातही अरुंद. तळाशी पोचल्यावर कोन जमत नाही, पकड सुटते, वेष्टन फाटतं. अशा वेळी पोट उघडावं लागतं.

किती वेळा उघडावं लागतं, हा आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. ब्रिटनच्या 'क्लासिक' चाचणीत (2005) दुर्बिणीने सुरू केलेल्या गुदाशयाच्या शस्त्रक्रियांपैकी 34 टक्क्यांमध्ये उघडावं लागलं. तंत्र तेव्हा कोवळं होतं, आणि चाचणी पुढे सरकली तसं प्रमाण उतरत गेलं. कोरियातल्या 'कोरियन' चाचणीत मोजकेच, मुरलेले सर्जन होते. तिथे हाच आकडा 1.2 टक्के! अर्थात पोट उघडणं म्हणजे नामुष्की नव्हे. वेळीच उघडणारा सर्जन हट्टाने रेटणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

कर्करोगाचं काय? आठ देशांतल्या 'कलर-2' चाचणीत (2015) हजारांवर रुग्ण होते, काहींवर दुर्बिणीने तर काहींवर पोट उघडून शस्त्रक्रिया झाली. तीन वर्षांनी त्या भागात कर्करोग उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे 5 टक्केच निघालं. रक्तस्राव दुर्बिणीत कमी, वेळ मात्र जास्त. 2015 मध्येच अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन चाचण्यांनी वेगळा सूर लावला: काढलेल्या तुकड्याच्या दर्जात दुर्बीण उघड्या शस्त्रक्रियेच्या तोडीची आहे, हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. पुढे याच रुग्णांच्या पाठपुराव्यात दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही, तरी शंका रेंगाळली. चीनमधल्या 'लासरे' चाचणीत (2022) अनुभवी सर्जनांनी अगदी खालच्या गाठी हाताळल्या. वेष्टन अखंड निघण्याचं प्रमाण दोन्हीकडे 85 टक्क्यांच्या आसपास. आणि मलविसर्जनावर ताबा ठेवणारा स्नायू दुर्बिणीच्या गटात 71.7 टक्के, तर उघड्या गटात 65 टक्के रुग्णांचा वाचला. पोटावर कायमची पिशवी येणार की नाही, हे बरंचसं या स्नायूवर ठरतं.

सर्जनच्या हाताचा हा अनुभव एका पद्धतीतून दुसरीत मात्र जसाच्या तसा उचलून नेता येत नाही. 'रोलार' या रोबॉटच्या चाचणीतल्या सर्जनांचा हात दुर्बिणीवर जास्त बसलेला होता, रोबॉटवर कमी. रोबॉट आणि दुर्बीण यांत पोट उघडावं लागण्याच्या प्रमाणात ठोस फरक काही आढळला नाही. नॉर्वेतला धडा याहून कडू. गुदद्वारातून खालून वर जाणारी नवी पद्धत तिथे 2014 ते 2018 या काळात 157 रुग्णांवर वापरली गेली. काहींच्या ओटीपोटात कर्करोग लवकर आणि एकाच वेळी अनेक जागी उलटलेला दिसला, तेव्हा तिथल्या सर्जनांनी स्वतःहून ती देशभर थांबवली.