पार्श्वभूमी : कार्बन फायबरच्या थरांत भेग कशी पडते
उत्तरायणाच्या आधी बडोद्यात पतंगांच्या कामट्या तासल्या जातात, तेव्हा बांबूचा स्वभाव अगदी जवळून दिसतो. सुरीचे टोक उभे लावून जरा पिळले की चीर सरळ धावत जाते. पण तीच कामटी आडवी तोडू गेले तर ती वाकते, चिवटपणे धरून राहते आणि तुटलीच तर धाग्याधाग्याने तुटते. कार्बन फायबरच्या संमिश्राचेही, म्हणजे राळेत बसवलेल्या कार्बन तंतूंचे थर वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचून केलेल्या पदार्थाचेही, असेच आहे : बळ तंतूंत असते आणि दुबळेपणा त्यांना एकत्र बांधणाऱ्या राळेत.

बारीक तंतू बळकट का असतो, हे कार्बन फायबरच्या कितीतरी आधी उमगले होते. इंग्लंडमध्ये ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून १९२१ साली मांडले की, पदार्थ अपेक्षेपेक्षा लवकर तुटतो तो अंगच्या सूक्ष्म भेगांमुळे, आणि तंतू जितका बारीक तितकी मोठी भेग त्यात मावणे अवघड. पुढे १९५८मध्ये अमेरिकेत रॉजर बेकन यांनी अतिशय मजबूत कार्बन तंतू बनवले, तर जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी अ‍ॅक्रिलिक तंतूपासून ते मिळवण्याची वाट दाखवली. (अ‍ॅक्रिलिक बडोद्याला परके नाही, आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीच्या इथल्या कारखान्यात ते तयार होत असे.)

तंतू बळकट म्हणजे वस्तूही बळकट, ही समजूत मात्र महागात पडली. रोल्स-रॉइसने आरबी-२११ या विमानाच्या इंजिनासाठी केलेली कार्बन फायबरची पंख्याची पाती १९७०मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत टिकली नाहीत आणि कंपनीला टायटॅनियमकडे वळावे लागले. फेब्रुवारी १९७१मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याला एकटी पाती कारण नव्हती, पण त्या इंजिनाचा वाढलेला खर्च निश्चितच होता.

भेगेची सुरुवात बहुधा वापराआधीच पेरली जाते. भट्टीत राळ पक्की झाल्यावर वस्तू थंड होते, तेव्हा राळ आकसते, परंतु तंतू लांबीत जवळजवळ आकसत नाही, आणि या ओढाताणीचा ताण आतच राहून जातो. मग भार आला की, ज्या थरातील तंतू ओढीला आडवे आहेत त्या थरात, तंतू आणि राळ यांच्या सांध्याशी, पहिली भेग उघडते. ती शेजारच्या उभ्या तंतूंच्या थरापाशी अडते, मात्र संपत नाही; वळून दोन थरांच्या मधून पसरते आणि थर एकमेकांपासून सुटू लागतात. तंतू तुटतात ते बहुतेक वेळा सर्वांत शेवटी.

धातूला ठोका बसला की खळगा पडतो. इथे हातातून निसटलेल्या पान्याने वर जेमतेम ओरखडा उमटतो आणि आत, ठोक्यापासून दूरच्या थरांत, भेगा रुंदावत गेलेल्या असतात. वजनाने सुमारे ५० टक्के संमिश्रांचे असलेले बोइंग ७८७ २०११मध्ये प्रवासी सेवेत आले, तेव्हा न दिसणाऱ्या या इजेचा विचार आराखड्यातच करावा लागला होता. आज ती अल्ट्रासॉनिक यंत्राने शोधतात. पण नाण्याने हलके ठोकून पाहण्याची जुनी रीतही टिकून आहे : धड जागी नाणे खणखणीत वाजते आणि थर सुटलेल्या जागी आवाज बसका येतो.