शेजारच्या बाकावर कोण बसायचं: कोल्हापुरातल्या जुन्या हॉटेलांची आणि बेकऱ्यांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात एखादं जुनं हॉटेल बंद झालं की त्याच्या आठवणी गावभर निघतात. सुरुवात चवीपासून होते. मिसळीचा कट म्हणजे रस्सा कसा होता, खारी कशी सुटायची, पांढरा रस्सा किती वेळा मागून घेतला. पण दोन वाक्यांत चव संपते आणि बोलणं माणसांवर येतं. शेजारच्या बाकावर कोण बसायचं, कुणाची उधारी थकायची, मालक कुणाला नावानं हाक मारायचा. हे उगाच होत नाही. अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून खाणं या शहराला सहजासहजी मिळालेलं नाही. त्यासाठी इथं एका राजाला रस्त्यावर गाडी थांबवून चहा प्यावा लागला होता.

त्याआधी बाहेर खाणं ही अडचणीची गोष्ट होती. अंबाबाईच्या दर्शनाला येणारा माणूस शिदोरी बांधून आणायचा, नाहीतर आपल्या जातीच्या घरी किंवा धर्मशाळेत उतरायचा. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि गुळाचा बाजार तिथं फुलला. आता दिवसभर घराबाहेर असणारी माणसं वाढली. अडते, दिवाणजी, हमाल, गाडीवान. दुपारी त्यांच्या पोटाची सोय कुठेतरी व्हायला हवी होती, ती चहा-फराळाच्या दुकानांनी केली. पण त्या काळी महाराष्ट्रात सगळीकडे जे चालायचं तेच इथंही होतं. कुणाला आत जागा, कुणाला पायरीवर, कुणाला वेगळा कप.

म्हणून भाऊसिंगजी रोडवरच्या ‘सत्यसुधारक’ हॉटेलाचं महत्त्व मला फार वाटतं. गंगाराम कांबळे महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्ण नोकरांसाठी राखलेल्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना बेदम मार बसला. महाराज परगावाहून परतल्यावर गंगारामांनी अंगावरचे वळ दाखवले. मारणाऱ्यांना शिक्षा झाली. महाराजांनी गंगारामांना नोकरीच्या जाचातून मोकळं केलं, स्वतःचा धंदा काढायला सांगितलं आणि मदतही केली. हॉटेल निघालं. स्वच्छता चोख, चहा चांगला, पण गिऱ्हाईक फिरकेना. महाराजांच्या कानावर हे गेल्यावर त्यांनी फर्मान काढलं नाही. त्यांची गाडी हॉटेलापुढं थांबू लागली. गंगारामांच्या हातचा चहा ते स्वतः घ्यायचे आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही घ्यावा लागायचा. सहीसाठी कागद घेऊन येणाऱ्यांनाही आधी तो कप ओठांना लावावा लागे, असं सांगतात.

याच सुमारास, १९१९ मध्ये, संस्थानातल्या सार्वजनिक जागांवर अस्पृश्यता पाळू नये असे हुकूम निघाले आणि १९२० च्या मार्चमध्ये अस्पृश्य समाजाची माणगाव परिषद भरली. हुकुमाचं मोल मोठंच. पण विहीर कायद्यानं खुली करता येते, चहा माणसाला आपल्या हातानं तोंडाला लावावा लागतो. कोल्हापूरच्या हॉटेलांचा इतिहास लिहायचा तर पहिलं पान या कपाचं असायला हवं.

खाणावळींची कथा बोर्डिंगांपासून सुरू होते. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क अशी अनेक वसतिगृहं उभी राहिली आणि खेड्यापाड्यांतली पोरं शिकायला शहरात आली. बोर्डिंगं त्या त्या समाजासाठी असल्यानं पंगतही तिथल्या तिथेच बसायची. पेठेतल्या खाणावळीत मात्र जागा मिळेल तिथं ताट यायचं. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं आणि महिन्याच्या मेंबरांवर चालणारी घरगुती खाणावळ हा हमखास धंदा ठरला. भिंतीला टांगलेली वही, तीत प्रत्येक मेंबराचं पान, गावी गेल्याचे खाडे, महिनाअखेरचा हिशेब. रविवारी मटण आणि त्याच दिवशी संध्याकाळी सुट्टी, हा अलिखित नियम. तांबडा-पांढरा आज हॉटेलांच्या पाट्यांवर झळकतो, तो मूळचा घरच्या चुलीवरचा. मटण शिजवलेल्या आळणी पाण्यात नारळाचं दूध, तीळ, खसखस घातलं की पांढरा आणि कांदा-लसूण चटणी पडली की तांबडा. एकाच पातेल्यातून दोन रस्से काढून मोठा खटला जेवू घालायची ही सोय होती. खाणावळीनं ती घराबाहेर आणली.

तालमींचं खाणं वेगळं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, मठ तालीम इथले मल्ल आपल्या खुराकाला चिकटून असायचे. त्यांच्या आधारानं वाढला तो गंगावेशेतला दूध कट्टा. गवळी म्हशी घेऊन रस्त्यावर यायचे, गिऱ्हाइकासमोर धार काढायचे आणि फेसाळलेला पेला तसाच हातात द्यायचे. पेठेतला म्हातारा, रात्रपाळीला निघालेला कामगार, कडेवर पोर घेतलेली बाई, सगळे त्याच फुटपाथावर उभे. खासबाग मैदान १९१२ मध्ये बांधून झालं आणि मोठ्या कुस्तीच्या दिवशी आसपासच्या भेळ-मिसळीच्या दुकानांना उसंत राहिली नाही. खासबागेच्या परिसराचं नाव मिसळीला आणि भेळेला अजून चिकटलेलं आहे.

मिसळीची खरी वाढ कामगारांनी केली, असं माझं मत आहे. म्हादबा मिस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांनी या शहरात यंत्रं बनवायचा पाया घातला आणि शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि फाउंड्रीचे कारखाने दाटीवाटीनं उभे राहिले. भट्टीपुढं उभं राहायचं तर सकाळी पोटभर आणि झटक्यात खाता येईल असं काहीतरी हवं. फडतऱ्यांची मिसळ उद्यमनगरात नावारूपाला आली, हा योगायोग नव्हे. मोड आलेली मटकी, बटाट्याची भाजी, वर शेव-चिवडा, कांदा, आणि पळीनं ओतलेला कट. हा कट पहाटेच उकळायला लागतो. खोबरं, आलं-लसूण आणि घरची चटणी तेलात इतकी परतायची की तेल आपणहून कडेला सुटतं. जाणता वाढपी आधी पळी पातेल्याच्या तळापर्यंत नेतो, मग वरचा तवंग थोडासाच उचलतो, म्हणजे शेवटच्या गिऱ्हाइकालाही तोच रंग मिळतो. कट मागाल तितका मिळायचा, पैसे जादा पावाचे. आणि पाव म्हणजे लादीतला नव्हे, बेकरीच्या मोठ्या पावाचे जाड कापलेले स्लाइस. ते रस्सा चांगला पितात. बटाटेवडाही इथं स्लाइसबरोबर येतो आणि कटात बुडवला की कटवडा होतो.

या पावाकडे जरा थांबून बघायला हवं. एके काळी सोवळ्याच्या घरात बेकरीचा पाव चालत नसे. आजारी माणसाला डॉक्टरांनी सांगितला तर तो बाहेरच्या खोलीत दुधात बुडवून द्यायचा. बेकरीच्या धंद्यात मुस्लिम कुटुंबं मोठ्या संख्येनं होती, हे त्यामागचं एक उघड कारण. मिसळीच्या ताटलीत त्या भट्टीचा पाव, मराठ्याच्या घरची चटणी आणि फरसाणवाल्याची शेव एकत्र आली आणि कुणी विचारेनासं झालं.

बेकरीच्या आठवणी निघाल्या की आमच्या पिढीचं मन दिवाळीकडंच धावतं. फराळ घरी व्हायचा, पण नानकटाई आणि बिस्किटांना भट्टी लागायची आणि ती घरी नसायची. मग मैदा, रवा, पिठीसाखर, वेलदोडे आणि डालड्याचा डबा घेऊन बायका-पोरं बेकरीत हजर. साखर रेशनवरची, महिना-दोन महिने वाचवून ठेवलेली. कारागीर प्रत्येकाचा माल वेगळा मळायचा. आपल्या तुपात दुसऱ्याचं मिसळत नाही ना, यावर आयांची बारीक नजर. पत्र्यांवर गोळे मांडायचं काम पोरांना मिळायचं. बोटानं मधोमध दाबून त्यावर चारोळी चिकटवायची. मग लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं एकेक पत्रा भट्टीत सरकायचा. ओळीत चिठ्ठी ठेवलेली असायची आणि रात्री उशिरा नंबर लागायचा. कढत नानकटाई हातात घेतली की भुगा व्हायची, म्हणून ती पूर्ण निवेपर्यंत डबा भरू द्यायचे नाहीत. आमच्या घरी या डब्यावर आडनाव खिळ्यानं कोरलेलं होतं, कारण सगळ्यांचे डबे एकाच डालड्याचे. पेठेतल्या सगळ्या जातीधर्मांच्या बायका एका छपराखाली चार-चार तास बसून बोलताहेत, असं दृश्य वर्षात त्या आठवड्याखेरीज फारसं दिसत नसे.

सिनेमाचं थोडक्यात सांगतो. १९२९ ला ‘प्रभात’ फिल्म कंपनी इथं सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, पण स्टुडिओ आणि थिएटरं राहिली. शेवटचा खेळ सुटला की भेळ आणि वड्याच्या गाड्यांना गर्दी व्हायची. कॉकटेल आइस्क्रीम हा खास कोल्हापुरी लाड, तोही सिनेमानंतरचाच.

दारूची बाजू आठवणींत दबक्या आवाजात येते. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि वर्षभरात मुंबईची दारूबंदी इथंही लागू झाली. उघडी दुकानं गेली आणि हातभट्टीचा काळ आला. १९६० नंतरच्या दशकात बंदी सैल होत गेली, परवाना असणाऱ्यांना बसून प्यायची मुभा मिळाली आणि परमिट रूम उगवले. मंद दिवे, शेंगदाणे, भाजलेला पापड, उकडलेलं अंडं. काही परमिट रूमची ओळख दारूपेक्षा मटणामुळं झाली. तिथं गिरणीतला माणूस आणि वकील शेजारी बसले, हे खरं. पण कित्येक घरांचा पगार तिथंच आटला, हेही तितकंच खरं. त्या आठवणी सांगणारे सगळे पुरुष असतात. बायकांना विचारलं तर त्या वेगळं सांगतात आणि ते ऐकून घ्यायला हवं.

बायकांची गोष्ट एकूणच वेगळी होती. जुन्या हॉटेलात त्यांच्यासाठी पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ असायची. बाहेरच्या बाकावर चहा पिणारी एकटी बाई कोल्हापुरात फार उशिरा दिसायला लागली. गंगारामांच्या हॉटेलानं एक भिंत पाडली, ही दुसरी पुढं अनेक वर्षं उभी राहिली.

ही ठिकाणं का मिटत गेली, त्याची कारणं ज्या कामांवर ती उभी होती त्या कामांत सापडतात. मोठे कारखाने शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत गेले, मग सकाळचं गिऱ्हाईक तिकडं गेलं. जुनी थिएटरं एकेक करून बंद झाली. १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ स्थापन झाला आणि पिशवीतलं ‘गोकुळ’ घरोघर पोहोचलं. म्हशी आता दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून मिरवायला आणतात, तेव्हा शहराला गवळीवाडे आठवतात. घरी ओव्हन आला, नानकटाई किलोवर मिळू लागली आणि भट्टीवरची रांग आटली. पागडीच्या जागेत चालणाऱ्या हॉटेलांची पुढची पिढी इंजिनिअर झाली, इमारती पुनर्बांधणीला गेल्या. १ एप्रिल २०१७ ला महामार्गालगतच्या दारूविक्रीवर बंदी आली, तेव्हा रस्त्याकडेच्या अनेक परमिट रूमना टाळं लागलं.

टिकलंही बरंच. मिसळीला पर्यटकांच्या रांगा लागतात, दूध कट्ट्यावर रात्री पोरंबाळं घेऊन लोक येतात. पण टिकलं ते मालकाच्या नावानं. खाणावळीच्या चुलीपुढं बसून शेकडो पोरांना शिकेपर्यंत जेवू घालणाऱ्या बायकांची नावं कुठल्याही पाटीवर नव्हती, पाटीवर नुसतं ‘घरगुती’ लिहिलेलं असायचं. त्यांच्यातल्या काही जणी अजून पेठांमधून आहेत. त्यांच्या हिशेबाच्या वह्याही माळ्यावर असतील. कोणत्या गावची पोरं जेवून गेली, रुपयाला काय मिळायचं, खाडे कसे धरायचे, हे त्या वह्यांत लिहिलेलं आहे. ते या पाच-दहा वर्षांत उतरवून घेता येईल.