वॉरियर्स नकोसे कसे झाले

११ जून २०१९, मंगळवार. इंदूरमध्ये सकाळी साडेसहाला एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेचा पाचवा सामना सुरू झाला, तेव्हा आमच्या घरी पोहे अजून भिजत होते. सामना टोरांटोत होता. महिनाभराच्या दुखापतीनंतर परतलेला गोल्डन स्टेट वॉरियर्सचा केव्हिन ड्युरँट दुसऱ्या क्वार्टरमध्ये उजवा पाय धरून खाली बसला आणि प्रेक्षकांतल्या काहींनी चक्क जल्लोष केला. टोरांटोचेच खेळाडू काइल लाउरी, सर्ज इबाका, डॅनी ग्रीन हातवारे करून त्यांना गप्प बसवत होते. ड्युरँटचा अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागचा स्नायुबंध, फाटला होता.

हा राग इतका टोकाला कसा गेला, हे समजायला मागे जावं लागतं. कारण चारच वर्षांपूर्वी हाच संघ सगळ्यांचा लाडका होता.

२०१५ मध्ये वॉरियर्सनी ४० वर्षांनी विजेतेपद मिळवलं. स्टीफन करी २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, सातवा निवडला गेला होता, क्ले थॉम्पसन २०११ मध्ये अकरावा, आणि ड्रेमंड ग्रीन २०१२ मध्ये थेट पस्तिसावा. तिघंही त्याच संघात वाढले. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये त्या काळात पोरं लेअपचा (बास्केटजवळ जाऊन टाकायच्या चेंडूचा) सराव टाकून लांबून थ्री (तीन गुणांचे फेक) मारत बसायची, आणि आम्हा मोठ्यांनाही ते बघत राहावंसं वाटायचं. पुढच्या हंगामात या संघाने ८२ पैकी ७३ सामने जिंकले आणि करीने ४०२ थ्री मारले. एवढं जिंकूनही त्यांच्याविषयी फारशी कटुता नव्हती. मग अंतिम मालिकेत ३-१ अशी आघाडी असताना ते क्लीव्हलँडकडून हरले, तेव्हा अनेकांना वाईटच वाटलं.

४ जुलै २०१६ ला चित्र पालटलं. ओक्लाहोमा सिटी थंडरचा ड्युरँट वॉरियर्समध्ये जात असल्याचं त्याने स्वतः जाहीर केलं. अवघ्या काही आठवड्यांपूर्वी त्याचा थंडर संघ याच वॉरियर्सविरुद्ध ३-१ ने पुढे असताना हरला होता. ज्यांनी हरवलं त्यांच्याच दारात तो गेला, असं लोकांना वाटलं. ओक्लाहोमात त्याच्या जर्सी जाळल्या गेल्या. फेब्रुवारी २०१७ मध्ये तो तिथे खेळायला आला तेव्हा प्रेक्षकांनी ‘कपकेक’ म्हणत त्याला मऊ, भित्रा ठरवलं. त्या मोसमात वॉरियर्सनी प्लेऑफचे (साखळीनंतरच्या बाद फेरीचे) १७ पैकी १६ सामने जिंकले. त्यांना शिव्या देणाऱ्यांनी टीव्ही मात्र बंद केला नाही. अमेरिकेत १९९८ नंतर एखादी अंतिम मालिका इतक्या लोकांनी पाहिली नव्हती.

ड्युरँटचं वॉरियर्समध्ये जाणं शक्य झालं ते पैशांच्या एका घटनेमुळे. टीव्ही हक्कांचा नवा, ९ वर्षांचा २४ अब्ज डॉलरचा करार लागू झाला आणि प्रत्येक संघाची पगारमर्यादा (सगळ्या खेळाडूंच्या एकूण पगाराची) ७ कोटी डॉलरवरून एकदम ९.४१ कोटींवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने व्हावी असा लीगचा प्रस्ताव होता, तो खेळाडू संघटनेने नाकारला. त्यातच करीचा पगार जुन्या, स्वस्त कराराचा होता. इतक्या मोठ्या खेळाडूला सामावून घ्यायला एरवी एवढ्या भरलेल्या संघाला जागाच उरली नसती.

पण पैशाने सगळा उलगडा होत नाही. बोस्टन सेल्टिक्सनी १९५७ ते १९६९ या १३ हंगामांत ११ विजेतेपदं जिंकली, त्यातली आठ सलग. तो संघ प्रशिक्षक रेड आवरबाख यांनी बांधला होता. १९५६ मध्ये त्यांनी दोन खेळाडू सेंट लुईसला देऊन बिल रसेल या नव्या खेळाडूला घेण्याचे हक्क मिळवले. रसेलला कुणी ‘कुठे खेळायचंय?’ असं विचारलं नव्हतं. त्या वर्चस्वाविरुद्ध आजच्यासारखा गद्दारीचा आरोप झाला नाही. उलट बोस्टन गार्डन अनेकदा भरतच नसे, आणि वर्णद्वेषापायी रसेलच्या घरात घुसून नासधूस करण्यात आली. ती विटंबना वेगळ्या जातीची होती आणि जास्त लाजिरवाणी.

त्या काळात खेळाडू संघाला बांधलेला असे. खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन यांनी १९७० मध्ये लीगविरुद्ध दावा लावला, १९७६ मध्ये तडजोड झाली, आणि १९८८ पासून अनुभवी खेळाडूला करार संपल्यावर मनाजोगा संघ निवडता येऊ लागला. माझ्या मते विरोधाचं रूप बदललं ते इथून. २०१० मध्ये क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने टीव्हीवर खास कार्यक्रम करून मायामीला जाणार असल्याचं सांगितलं, तिथे ड्वेन वेड आणि क्रिस बॉश हे मोठे खेळाडू होतेच. क्लीव्हलँडमध्ये जर्सी पेटल्या. २०११ ला मायामी डॅलसकडून हरल्यावर त्या शहराशी काही संबंध नसलेले लोकही नाचले.

आम्हा इंदूरकरांना यात एक जुनी गोष्ट आठवते. होळकर संघ १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत १० वेळा रणजीच्या अंतिम फेरीत होता आणि चार वेळा जिंकला. तोही बाहेरून माणसं आणून बांधलेला. नागपूरच्या सी. के. नायडूंना तुकोजीराव होळकरांनी १९२३ मध्ये बोलावून सैन्यात हुद्दा दिला. लष्करी सेवेनिमित्त महूला असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनसुद्धा १९४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून खेळला. मुंबईविरुद्ध त्याने नाबाद २४९ काढले, तरी सामना गेला. आमच्या आजोबांच्या पिढीत ‘नायडूंनी नागपूर सोडलं’ म्हणून बोटं मोडणारं कुणी मी ऐकलं नाही. बोलावणारे महाराज होते, खेळाडू आलेला होता. राजाने संघ उभा केला तर तो दरबाराचा मान, खेळाडूने स्वतः निवडला तर ती गद्दारी. हा फरक मला अन्यायाचा वाटतो, आणि २०१६ मध्ये मीही ड्युरँटला मनात नावं ठेवली होती, हे मला सांगितलंच पाहिजे.

लीगने नियम मात्र त्यानंतर कडक केले. खेळाडू संघटनेशी झालेल्या २०१७ च्या करारात ठरावीक मोठ्या खेळाडूंना आपल्याच संघात राहिल्यास जास्त पैसे मिळण्याची सोय झाली. २०२३ च्या करारात फार खर्चिक संघांवर आणखी एक मर्यादा आली, ती ओलांडली की नवे खेळाडू आणण्याचे मार्ग जवळपास बंद होतात. २०१९ पासून २०२५ पर्यंत सात हंगामांत सात वेगळे विजेते झाले. त्यात २०२२ ला ड्युरँटशिवाय जिंकलेले वॉरियर्सही आहेत, आणि त्या वेळी रेसकोर्स रोडवर पुन्हा करीच्या जर्सी दिसू लागल्या.

२०२५ चे विजेते म्हणजे ड्युरँट सोडून गेला तेच ओक्लाहोमा सिटी. साखळीत ६८ विजय. त्यांचा मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर २०१९ मध्ये अदलाबदलीत तिथे आला. तो एक वर्ष लॉस एंजेलिसमध्ये खेळला होता, ते सोडून ओक्लाहोमाला जायचं त्याने स्वतः ठरवलं नव्हतं.